दीड ग्रॅमही न भरणारे विमान आणि केसाएवढा बोरॉन

साध्या ए-फोर कागदाचे वजन साधारण ५ ग्रॅम भरते. त्या कागदाच्या चतकोराहून किंचित अधिक, म्हणजे फक्त १.४ ग्रॅम वजनात ५५ सेंटिमीटर पंखविस्ताराचे संपूर्ण विमान बांधायचे, त्याला जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम रबर पिळून शक्ती द्यायची आणि बंदिस्त दालनात ते वीस-पंचवीस मिनिटे, जमल्यास त्याहूनही अधिक वेळ तरंगत ठेवायचे, असा एफ-वन-डी नावाचा जागतिक स्पर्धाप्रकार आहे. रुमानियातील स्लानिक येथे मिठाची जुनी खाण आहे, आणि तिच्या प्रचंड दालनांत या स्पर्धा अनेकदा झाल्या आहेत, कारण तिथे छत उंच असते आणि हवा जवळजवळ स्थिर असते. ही विमाने चालत्या माणसापेक्षाही सावकाश जातात आणि त्यांच्या प्रोपेलरचे फेरे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

अशा विमानाचा सांगाडा बाल्सा लाकडाचा असतो, आणि त्या लाकडाला गेल्या काही दशकांपासून बोरॉन या मूलद्रव्याच्या किंवा कार्बनच्या तंतूंची जोड दिली जाते. हे तंतू नेमके काय काम करतात, ते किती आणि कुठे वापरावेत आणि ते हाताळताना कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात मांडत आहे. काळजीचा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे, कारण तंतू कसा चिकटवावा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, मात्र त्याचा उरलेला तुकडा कुठे ठेवावा हे सांगणारे फार थोडे असतात.

प्रथम ताठपणा आणि मजबुती यांतला फरक पाहू. मजबुती म्हणजे तुटेपर्यंत किती भार सोसतो, आणि ताठपणा म्हणजे भार आल्यावर किती कमी वाकतो. मोठ्या विमानात दोन्हींची चिंता करावी लागते. दालनात उडणाऱ्या हलक्या विमानात मात्र लाकूड तुटण्याच्या कितीतरी आधी वाकते आणि पिळवटते, आणि खरे नुकसान तिथेच होते. पूर्ण पिळ भरलेले रबर ज्या दांडीच्या दोन टोकांना अडकवलेले असते, त्या दांडीला ते धनुष्याच्या दोरीसारखे ओढते. दांडी वाकली की पंख आणि शेपूट यांच्यातला कोन बदलतो, आणि जमिनीवर काळजीपूर्वक जुळवलेले विमान पहिल्याच मिनिटात ती जुळणी गमावते. पूर्वी हे टाळण्यासाठी दांडीच्या वरून केसाहूनही बारीक तार छोट्या खुंटीवरून ताणून बांधत असत. बोरॉनचा तंतू दांडीलाच चिकटवला की ती तार, ती खुंटी आणि तारेचा हवेला होणारा अडथळा या तिन्हींची गरज उरत नाही.

बाल्सा हे लाकूड दुबळे आहे असा समज असतो, तो बरोबर नाही. उत्तम हलक्या बाल्साची घनता पाण्याच्या जेमतेम आठ ते दहा टक्के असते आणि लाकडाच्या तंतूंच्या दिशेने त्याचा ताठपणा साधारण २ ते ३ गिगापास्कल (ताठपणा मोजण्याचे एकक) असतो. पोलादाचा ताठपणा २०० गिगापास्कल आहे, पण ते पाण्याच्या जवळजवळ आठपट जड आहे. ताठपणाला घनतेने भागले तर बाल्सा आणि पोलाद जवळपास एकाच पातळीवर येतात, आणि काचेचा तंतूही तिथेच राहतो. बोरॉनचा ताठपणा मात्र ४०० गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे पोलादाच्या दुप्पट आहे, आणि घनता पाण्याच्या सुमारे २.५७ पट, म्हणजे पोलादाच्या एक तृतीयांश. वजनाच्या हिशेबात तो पोलादाच्या सहापट ताठ ठरतो. नेहमीचा कार्बन तंतू २३० गिगापास्कल आणि १.८ घनतेच्या जवळ असल्यामुळे बोरॉनच्या थोडा मागे, पण बाल्साच्या कितीतरी पुढे असतो.

आता एक छोटे गणित करून पाहू. पंखाच्या आत आडवा जाणारा जो बारीक दांडा पंखाचे वाकणे रोखतो त्याला स्पार म्हणतात. समजा हा स्पार १ मिलिमीटर रुंद आणि १.५ मिलिमीटर उंच आहे, आणि तो चांगल्या हलक्या बाल्साचा आहे. एक मीटर लांबीला त्याचे वजन सुमारे १२० मिलिग्रॅम भरेल. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीचा एकेक बोरॉन तंतू चिकटवला, तर मीटरमागे दोन्ही मिळून ४० मिलिग्रॅम वाढतात. वजन एक तृतीयांशाने वाढले, पण वाकण्याला होणारा विरोध साडेसहापटींच्या जवळ जातो. एवढा फरक पडतो, कारण तंतू अगदी बाहेरच्या कडेला बसले आहेत. स्पार वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू आखडते, खालची ताणली जाते आणि मधला भाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो, त्यामुळे मधोमध ठेवलेला तंतू फुकट जातो. उंची दुप्पट केली तर तेवढाच तंतू चौपट काम करतो. बाल्साचे काम त्या दोन तंतूंना एकमेकांपासून लांब आणि जागच्या जागी धरून ठेवण्याचे आहे, जसे लोखंडी तुळईच्या दोन आडव्या पट्ट्यांना मधली उभी पट्टी धरून ठेवते.

या गणितातून सुरक्षेचाही पहिला धडा मिळतो. ताठपणा हवा असेल तर आधी स्पारची उंची वाढवावी, मग तंतूची जागा नीट निवडावी आणि सर्वांत शेवटी तंतूची संख्या वाढवावी. जो तंतू विमानात घातलाच नाही, तो कापावा लागत नाही आणि त्याचा तुकडा जमिनीवर पडत नाही. माझा अनुभव असा आहे की नवशिक्या बांधणाऱ्याच्या पहिल्या विमानात निम्मे तंतू विनाकारण असतात. शिवाय या विमानांचा पंख आणि प्रोपेलरची पाती थोडी लवचीक असणे अनेकदा उपयोगाचे असते. सुरुवातीच्या जोरदार फिरकीत पाते थोडे वळून जास्त तीव्र कोन घेते आणि विमान उसळी मारण्याऐवजी सावकाश चढते. सगळे ताठ करून टाकले तर हा गुण जातो, आणि टक्कर झाली तर तंतू जिथे संपतो नेमक्या त्याच जागी लाकूड मोडते.

बोरॉनचा तंतू आपल्या ओळखीच्या कोणत्याच दोऱ्यासारखा नसतो. सुमारे १२ मायक्रॉन जाडीची टंगस्टनची तार हजार अंशांहून अधिक तापवून ती हायड्रोजन आणि बोरॉन ट्रायक्लोराइड या वायूंमधून नेली जाते. वायूतील बोरॉन तारेवर साचत जातो आणि ७५ किंवा १०० मायक्रॉन जाडीचा, करड्या-काळ्या रंगाचा, सलग एकसंध तंतू तयार होतो. हे तंत्र १९५९ च्या सुमारास अमेरिकेत आकाराला आले, आणि १९७० च्या दशकातील एफ-१४ आणि एफ-१५ या लढाऊ विमानांच्या शेपटीच्या भागांत या तंतूचा वापर झाला. छोट्या विमानांच्या छंदात तो तिथूनच झिरपत आला. जाडीला तो डोक्यावरच्या केसाएवढा असला तरी केस लोंबतो आणि हा तंतू सुईसारखा सरळ उभा राहतो.

कार्बनची गोष्ट वेगळी आहे. त्याचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा असतो आणि बाजारात तो हजारो तंतूंच्या पेडाच्या रूपात मिळतो. १०० मायक्रॉनच्या एका बोरॉन तंतूएवढा छेद मिळवायला कार्बनचे जवळजवळ दोनशे तंतू लागतात, त्यामुळे एक हजाराचा सर्वांत बारीक पेडसुद्धा या कामाला पाचपट जाड ठरतो आणि तो सोडवून वेगळा करावा लागतो. याच सोडवण्यात सुटे तंतू हवेत आणि कपड्यांवर पसरतात. शिवाय कोरडा कार्बन पेड दाब सोसत नाही. तो इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या गोंदात, भिजवून कडक केला तरच आखडण्याच्या बाजूला उपयोगी पडतो, आणि त्या इपॉक्सीचे वजन वाढते. बोरॉन स्वतःच एक काडी असल्यामुळे त्याला लाकडाशी धरून ठेवण्याएवढाच गोंद पुरतो. बांधणीसाठी ॲरामिडचा, म्हणजे केव्हलारचा धागा चांगला असतो. तो दाबाला कच्चा आहे, पण सांध्यावर गुंडाळायला चिवट आहे आणि बोटात घुसत नाही. जिथे केवळ ओढ सोसायची आहे तिथे मी बोरॉन वापरतच नाही.

आता धोक्याकडे वळतो. ज्या गुणामुळे हा तंतू विमानाला उपयोगी पडतो, त्याच गुणामुळे तो शरीराला घातक ठरतो. तो ताठ आहे म्हणून त्वचेला टेकल्यावर वाकत नाही, सरळ आत शिरतो. तो बारीक आहे म्हणून शिरताना फारसे दुखत नाही आणि रक्तही येत नाही. आणि तो ठिसूळ आहे म्हणून ओढायला गेले की आतल्या आत तुटतो. गवताचे कुसळ पायात गेल्यावर कसे सलत राहते हे शेतात चाललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हे कुसळ मात्र कुजत नाही, मऊ पडत नाही आणि त्याच्या कडा काचेसारख्या असतात.

एकदा संध्याकाळी काम आटोपल्यावर मी सवयीने टेबलावरचा भुसा उजव्या तळहाताने एका बाजूला लोटला. अंगठ्याखालच्या मांसल भागात काहीतरी टोचले, पण पाहिले तर काहीच दिसेना. दुसऱ्या दिवशी लेखणी धरली की तिथे कळ उठे. शेवटी दिवा तिरका धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले, तेव्हा त्वचेच्या रेषांमध्ये एक काळा ठिपका दिसला, सुईच्या टोकाहूनही लहान. तंतूचे टोक तेवढेच बाहेर होते आणि बाकीचे चार मिलिमीटर आत होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर हाताने काहीही झाडायचे नाही, हा नियम आहे.

कापण्याची रीत नीट शिकून घ्यावी. बोरॉन पोलादापेक्षा कितीतरी कठीण आहे, त्यामुळे कात्रीने तो कापला जात नाही. कात्रीच्या पात्याला खाच पडते आणि तंतूचा तुकडा उडतो. तो कापायचा नसून मोडायचा आहे, आणि मोडताना दोन्ही टोके बंदिस्त असली पाहिजेत. काचेच्या किंवा धातूच्या सपाट तुकड्यावर पांढरा कागद ठेवावा, म्हणजे गडद तंतू स्पष्ट दिसतो. जिथे मोडायचे आहे त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टीने तंतू कागदावर दाबून टाकावा, मोडण्याच्या जागेवरही एक पट्टी आडवी लावावी, आणि जुन्या ब्लेडची धार त्या पट्टीवरून सरळ खाली दाबावी. बोटाला कट्‌ असा बारीक धक्का जाणवतो आणि तंतू तुटतो. पट्टीखाली असल्यामुळे तो कुठेही जात नाही. वाकवून मोडण्याचा मोह टाळावा. १०० मायक्रॉनचा तंतू साधारण साडेपाच मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवला की तुटण्याच्या सीमेवर येतो, आणि तेव्हा त्यात साठलेली सगळी ओढ एका क्षणात सुटून तुकडे अनपेक्षित दिशेला उडतात.

म्हणूनच तंतूचे रीळ टेबलावर येण्याआधी बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा डोळ्यांवर चढला पाहिजे. नजरेचा साधा चष्मा पुरत नाही. पण डोळ्याला याहून मोठा धोका एका जुन्या चांगल्या सवयीतून येतो. स्पार सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण सगळेच तो डोळ्यापाशी नेतो, एक डोळा मिटतो आणि टोकाकडून लांबवर नजर टाकतो. बाल्साच्या काडीला ही रीत ठीक आहे. बोरॉन लावलेल्या स्पारच्या टोकातून अर्धा मिलिमीटर तंतू बाहेर राहिला असेल, तर तो बुबुळाच्या अगदी समोर येतो आणि टोकाकडून पाहताना तो दिसतही नाही. स्पार पोलादी पट्टीला टेकवून वरून पाहावा. त्याने फटही दिसते आणि डोळाही वाचतो.

टोके बंद करणे हे या कामातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तंतू लाकडाच्या टोकापर्यंत नेऊ नये, एक-दोन मिलिमीटर आधीच थांबवावा आणि तिथे गोंदाचा एक थेंब ठेवून तो झाकावा. चिकटवताना आधी तंतूची दोन्ही टोके पट्टीने धरून तो सरळ ताणावा, दर दोन-अडीच सेंटिमीटरला गोंदाचा ठिपका देऊन बसवावा आणि मग पातळ केलेला गोंद कडेने वाहू द्यावा. लाकूड आणि तंतू यांच्यातल्या फटीत तो आपोआप ओढला जातो. सेल्युलोजचा गोंद ॲसिटोनने पातळ केला असेल तर तो वाळताना आक्रसतो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या बाजूला सारखाच द्यावा, नाहीतर स्पार कमानीसारखा होतो. ॲसिटोन चटकन पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नसावी आणि खिडकी उघडी असावी.

प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवावा, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. रिळातून ६०० मिलिमीटर काढला आणि ५५० मिलिमीटर वापरला, तर उरलेला ५० मिलिमीटरचा तुकडा डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. तुकडे उचलण्यासाठी चिमटा किंवा चिकटपट्टीचा उलटा केलेला गुंडाळा वापरावा, आणि ते घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बाटलीत टाकावेत. जमिनीवर सतरंजी नसावी, पायांत चप्पल असावी, टेबलावर चहाचा कप नसावा आणि रांगणारे मूल असलेल्या घरात हे काम त्या खोलीत करूच नये. फुंकर मारून टेबल साफ करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे. ओल्या कागदाने पुसावे आणि तो कागद घडी घालून टाकून द्यावा.

कार्बनचा धोका टोचण्यापेक्षा उडण्याचा अधिक आहे. अखंड बोरॉन तंतू इतका जाड असतो की तो श्वासातून फुप्फुसात खोलवर जाऊ शकत नाही. साधारण ३ मायक्रॉनपेक्षा बारीक तंतूच तिथपर्यंत पोहोचतात असे मानले जाते. कार्बनचा अखंड तंतूही त्यापेक्षा थोडा जाड आहे, पण त्याला पॉलिशकागदाने घासले की त्याहून बारीक धूळ निघते, घसा खवखवतो आणि त्वचेला खाज सुटते. म्हणून कार्बन घासताना तो ओला ठेवावा आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा. हातांवर सुटे तंतू बसले असतील तर आधी न चोळता वाहत्या पाण्याखाली धरावेत. पातळ रबरी हातमोजे कार्बन आणि इपॉक्सी दोन्हींपासून वाचवतात, आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहू शकते, त्यामुळे ते घालावेतच. मात्र हे मोजे बोरॉनला अडवत नाहीत. तो त्यांच्यातूनही तेवढ्याच सहज जातो.

दालनात उडवायच्या बॅटरीवरच्या विमानांत एक मिलिमीटरच्या कार्बन काड्या सर्रास वापरतात. कापण्याच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून बारीक करवतीने फिरवत कापले आणि टोकावर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला, की काडी उसवत नाही. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे त्याचे सुटे तंतू लिथियम बॅटरीच्या किंवा सर्किटच्या उघड्या जोडांजवळ येऊ देऊ नयेत.

अमेरिकेत सायन्स ऑलिंपियाड या शालेय स्पर्धेत विद्यार्थी दालनात रबराच्या पिळावर उडणारी विमाने बांधत आले आहेत. त्या प्रकाराच्या नियमांत इतर साहित्याला मोकळीक देताना बोरॉन तंतूला स्पष्ट मनाई केलेली आहे. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. शाळेच्या मुलांना शिकवताना मीही बाल्सा आणि कागद यांच्यापलीकडे जात नाही. मोठ्यांच्या स्पर्धेतसुद्धा विमान भिंतीला किंवा छताला धडकून खाली आले, तर पळत जाऊन ते उचलायचे नसते. मोडलेल्या स्पारमधून तंतूचे टोक कुठे बाहेर आले आहे ते आधी पाहायचे, तुटलेला भाग कागदावर घ्यायचा आणि जमिनीचा तेवढा चौकोन चिकटपट्टीने टिपून काढायचा.

एवढे करूनही तंतू बोटात गेलाच, तर काट्याने काटा काढण्याची आपली घरगुती पद्धत इथे वापरू नये. सुईने उकरले की तंतू आत तुटतो आणि दोन तुकडे होतात. आजूबाजूची त्वचा दाबूही नये. तिरक्या प्रकाशात भिंगाखाली टोक शोधावे, बारीक टोकाच्या चिमट्याने ते घट्ट धरावे आणि ज्या दिशेने तंतू आत गेला नेमक्या त्याच दिशेने, वाकू न देता, सरळ मागे ओढावे. टोक दिसत नसेल, तंतू आत तुटला असेल किंवा तो सांध्याजवळ असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि आत काय गेले आहे, किती जाड आणि किती लांब, हे त्यांना सांगावे. शक्य असल्यास बाटलीतला नमुन्याचा तुकडा बरोबर न्यावा, कारण बोरॉनचा तंतू बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. डोळ्यात तंतू रुतला असेल तर चोळू नये, धुऊ नये आणि काढण्याचा प्रयत्नही करू नये. डोळ्यावर दाब न येईल असे झाकण ठेवून त्याच क्षणी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

मोडकी विमाने आणि उरलेले तुकडे जाळू नयेत, कारण जळताना कार्बनचे तंतू झिजून आणखी बारीक होतात आणि धुराबरोबर उडतात. भरलेली बाटली झाकण चिकटवून कचऱ्यात द्यावी आणि तिच्यावर आत टोकदार तंतू आहेत असे ठळक लिहावे. विमान कुणाला भेट दिले किंवा विकले, तर त्याच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणत्या स्पारमध्ये, कोणत्या कडेला, किती जाडीचा तंतू आहे याचे छोटे रेखाचित्र चिकटवावे, म्हणजे पुढे कधी दुरुस्तीसाठी पंख मोडून उघडणाऱ्या माणसाला ब्लेड कुठे लावायचे नाही हे आधीच कळेल.